नापास झालेली वेलची

निहार, अन्वी,

मागच्या रविवारी फोनवर निहारने विचारलं, "आजी, तू ऑफिसात काय करायचीस?" शाळेच्या फॉर्मवर लिहायचं होतं म्हणे. मी खरं ते सांगितलं, "वास घ्यायचे." पलीकडून अन्वीचा आवाज आला, "विमानतळावरच्या कुत्र्यासारखी?"

हो, साधारण तशीच. फरक इतकाच की त्याला शाबासकी मिळते आणि मला दुपारचा चहा मिळायचा. तुमच्या आईने फॉर्मवर 'क्वालिटी मॅनेजर' असं लिहून विषय मिटवला. माझं मात्र समाधान झालं नाही, कारण अर्धवट भरलेला फॉर्म मला बघवत नाही. त्यात आमच्या कॉलनीच्या दिवाळी अंकाला लेख द्यायचा राहिलाच होता. एका कागदात दोन कामं होत असतील तर करावीत, म्हणून हे पत्र आधी अंकात येईल आणि मग तुमच्याकडे. आईला वाचून दाखवायला सांगा. मधलं गाळू देऊ नका, कारण मी माझी सगळ्यात मोठी चूक मधेच लिहिली आहे.

नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा मसाल्याचा कारखाना. मालक दिलीपशेठ. कारखाना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मोठी यंत्रं येतील. आमच्याकडे दळायची दोन यंत्रं होती, पण खरा कारखाना म्हणजे भाजायचं दालन. तिथे मोठ्या लोखंडी कढया आणि त्यांच्यापुढे बसलेल्या दहा-बारा बायका. धणे वेगळे भाजायचे, खोबरं वेगळं, दगडफूल वेगळं. प्रत्येकाचा चटका निराळा. एक जरी करपलं तरी सगळी कढई वाया. या दालनाच्या प्रमुख होत्या सायखेड्याच्या हौसाबाई. पहाटेच्या एसटीने यायच्या, आल्या आल्या प्रत्येक पोत्यात हात घालून मूठ नाकाशी न्यायच्या आणि दोनच शब्द बोलायच्या, "चालंल" किंवा "नाय चालायचं". मी रुजू होईपर्यंत कारखान्याची तपासणी म्हणजे हौसाबाईंचं नाक.

मी आले ती रसायनशास्त्राची पदवी, कॉन्व्हेंटचं इंग्रजी आणि लेबलांचं एक भेंडोळं घेऊन. पहिल्याच महिन्यात मी सगळ्या बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या. हौसाबाईंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, माझ्या बी कपाळावर लावा एक. न्हाईतर हरवायची मी."

आता वेलची. हिरवी वेलची तुम्हाला माहीत आहे, ती श्रीखंडात असते. मसाला वेलची ही तिची थोरली चुलत बहीण. अंगठ्याच्या पेराएवढी, काळपट तपकिरी, सुरकुतलेली, अंगावर उभ्या रेघा. गोडात तिला कोणी घेत नाही. ती काळ्या मसाल्यात जाते आणि तिथे तिच्याशिवाय पान हलत नाही. आपल्याकडे ती पिकत नाही. सिक्कीम, दार्जिलिंग, नेपाळ इथल्या डोंगरउतारांवर, झाडांच्या सावलीत, ओढ्याच्या ओलाव्यावर ती वाढते. मोठे बागायतदार नसतात. एकेका घराचा एकेक उतार.

ती दिसायला कशी असते याची साक्ष ओझरच्या एका गृहस्थांनी दिली होती. विमान कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. एके दिवशी माझ्या टेबलावर त्यांनी काडेपेटी ठेवली आणि म्हणाले, "तुमच्या खड्या मसाल्याच्या पाकिटातून निघालं. झुरळ. मी मोजलंय, सव्वीस मिलिमीटर."

मी काडेपेटी उघडली. आत मसाला वेलची.

"साहेब, याचे पाय कुठे आहेत?"

"गळले असतील."

मी नखाने ती फोडली आणि आतले चिकट काळे दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मग चष्मा काढून म्हणाले, "झुरळाला एवढा चांगला वास असता तर आम्ही पाळली असती." जाताना काडेपेटी मात्र आठवणीने मागून नेली.

मी पुढे कित्येक नव्या मुलींना हा किस्सा सांगून हसवलं. पण त्या गृहस्थांनी निदान शेवटी वास घेतला होता. मी तर तोही धड घेतला नव्हता. तेच सांगायचं आहे.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दिलीपशेठनी ठरवलं की मसाला वेलची दलालाकडून न घेता थेट शेतकऱ्यांकडून घ्यायची. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांची सिक्कीमच्या एका बाईंशी ओळख झाली होती. हर्कमाया त्यांचं नाव. त्यांच्या गावातल्या काही घरांनी मिळून गट केला होता. दिवाळीनंतर त्यांनी नमुन्याची एक गोणी पाठवली. सोबत फळीवर धरून लिहिल्यासारख्या ठसठशीत हिंदी अक्षरात चिठ्ठी: ही आमची जुनी जात आहे, 'रामसे', दाणा लहान आहे पण सासूबाईंच्या हातची लागवड आहे, बघून कळवावं.

मी बघितलं. म्हणजे तक्ता काढला आणि भरला. आकार: लहान. रंग: काळपट, असमान. टोकाशी सुकलेल्या फुलाची शेपटी: काही ठिकाणी शिल्लक. वास: धुराचा. माझ्या तक्त्यात 'धुराचा वास' हा दोषांच्या रकान्यात होता, आणि तोही गंभीर दोषांच्या. मी लाल शाईने खूण केली.

हौसाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मूठ उचलून नाकाशी नेली आणि चक्क डोळे मिटले.

"मॅडम, हा माल सोडू नका. लय भारी हाय."

"हौसाबाई, धूर लागलाय त्याला."

"धूर लागला नाय ओ. त्योच तर वास हाय त्याचा."

मी त्यांना तक्ता दाखवला. त्या म्हणाल्या, "मला कागद वाचता येत नाय, आन् कागदाला वास घेता येत नाय. आता काय करायचं ते तुमीच ठरवा."

मी ठरवलं. इंग्रजीत पत्र टाइप केलं: धुराच्या वासामुळे माल अस्वीकार्य. सही, गोल शिक्का. वाक्य इतकं नीटनेटकं झालं होतं की मी ते दोनदा वाचलं. त्याऐवजी दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून नव्या जातीची वेलची आली. टपोरी, लालसर, एकसारखी, यंत्रावर स्वच्छ वाळवलेली. माझ्या तक्त्यात तिला शंभरपैकी शंभर. हौसाबाईंनी मूठ नाकाशी नेली, माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच दोन्हींपैकी एकही शब्द न बोलता कढईकडे गेल्या.

आपल्याकडे वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करतात. चैत्रात माल बाजारात गेला आणि पंधरा दिवसांत चांदवडहून नानासाहेब आले. हायवेला त्यांचा ढाबा. शेवभाजीसाठी ट्रकवाले मुद्दाम थांबतात. नानासाहेब खुर्चीवर बसलेच नाहीत.

"मॅडम, माझा आचारी बारा वर्षांचा जुना. परवा एका सरदारजीने त्याला विचारलं, 'नया आया है क्या?' त्या दिवसापास्नं तो रुसून बसलाय. मसाल्याला काय केलं तुम्ही?"

"काही नाही. उलट या वर्षी माल जास्त चांगला आहे," मी म्हटलं आणि तक्ता काढला.

"ते कागद ठेवा. शेवभाजी करून बघा."

माझ्या टापटिपीचा तुम्ही दोघं नेहमी चेष्टेने उल्लेख करता. पण त्या दिवशी तिनेच वाचवलं. नापास मालाचाही नमुना बरणीत भरून ठेवायची माझी पद्धत होती. हौसाबाईंनी मला न विचारता कपाटातून ती बरणी काढली. शेवभाजीचा रस्सा करायला दोन कढया ठेवल्या. एकीत माझी शंभर गुणांची वेलची, दुसरीत नापास झालेली. बाकी सगळं सारखं. मी नानासाहेबांकडे पाठ करून दोन वाट्यांत रस्सा भरला, म्हणजे कुठली कोणती ते त्यांना कळू नये.

पहिली वाटी चाखून ते म्हणाले, "हीच ती, रुसलेली."

दुसरी चाखली. पाव मागितला, तो बुडवून खाल्ला, आणि तेव्हा कुठे खुर्चीवर बसले. "हां. आला आचारी परत."

मीही चाखली. मुलांनो, फरक सांगता येतो का बघते. पहिल्या वाटीत तिखट होतं, मीठ होतं, वास होता. दुसरीत ते सगळं होतंच, शिवाय मागे कुठेतरी चूल पेटलेली होती.

मग मी ते केलं जे सहा महिन्यांपूर्वी करायला हवं होतं. माझा तक्ता ज्या पुस्तकातून घेतला होता ते उघडलं. तक्ता हिरव्या वेलचीचा होता. दक्षिणेतल्या, नाजूक, श्रीखंडातल्या वेलचीचा. तिला धूर लागला तर ती खरंच बिघडते. मसाला वेलची मात्र पिढ्यान्‌पिढ्या धुरावरच वाळवतात. धाकट्या बहिणीच्या मापाने मी थोरलीचं झंपर बेतलं होतं, आणि ते बसलं नाही म्हणून थोरलीलाच नापास केलं होतं.

हौसाबाई बरणीवरची माझी 'अस्वीकार्य' ही चिठ्ठी नखाने खरवडत राहिल्या.

मी हर्कमायांना फोन लावला. चौथ्या दिवशी लागला. मी हिंदीत लांबलचक माफी मागितली. पलीकडून त्या शांतपणे म्हणाल्या, "अब क्या फायदा, मॅडमजी? पौधा तो निकाल रहे हैं। आपका कागज आया न. घर में बोले, नासिक ने फेल कर दिया, अब ये जात नहीं रखेंगे। बारिश से पहले नया लगाना है।"

माझा एक नेटका शब्द डोंगरावर जाऊन कुदळ झाला होता.

मी दिलीपशेठकडे गेले आणि रजा मागितली. ते म्हणाले, "पत्र पाठवा ना."

"पत्रानेच तर झालंय हे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रजेच्या अर्जावर 'कामानिमित्त प्रवास' असं लिहिलं. तुमचे आजोबा नाशिकरोडला सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "शिक्का घेतलास ना?" चेष्टा होती, पण पर्समध्ये शिक्का, शाईची गादी आणि कारखान्याचे चार कोरे कागद होतेच.

हावडा, तिथून न्यू जलपाईगुडी, मग जीप, मग दुसरी जीप, मग पायी. मी साडी आणि बाटाच्या चपला अशा थाटात त्या उतारावर पोचले. हर्कमाया वाटेवर उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, गालांवर उन्हाचे लाल डाग. मला आपादमस्तक बघून त्यांनी आत हाक मारली, "आओ आओ, देखो, फेल वाली मॅडम आ गई!" शेजारच्या घरांतून पाच-सहा डोकी बाहेर आली. एवढं स्वागत मला आधी नव्हतं मिळालं, नंतरही नाही.

चहा झाल्यावर त्या मला बागेत घेऊन गेल्या. बाग म्हणायचं, पण उभा डोंगर. वर उतीसची उंच झाडं, खाली माणसापेक्षा उंच हिरवी पानं, आपल्या कर्दळीसारखी. मी फळं शोधायला वर बघत होते. त्यांनी माझं डोकं धरून खाली वळवलं. फुलं जमिनीलगत होती, मुळाशी, पिवळी. त्यांच्यात जाडजूड भुंगे घुसत होते. "ये भँवरा नहीं आएगा तो कुछ नहीं होगा," त्या म्हणाल्या. "मालिक तो यही है।"

मग पुढे गेलो आणि हिरवं संपलं. वरची सगळी पट्टी उघडी पडली होती. गड्डे मुळांसकट उलटे पडलेले. त्यांच्यावरची फुलं अजून पुरती सुकली नव्हती. पट्टीच्या कडेला हर्कमायांचे यजमान, जसबहादुर, कुदळ चालवत होते. फौजेतून निवृत्त झालेले, ताठ. मी नमस्कार केला. त्यांनी कुदळ खाली ठेवली, खिशातून माझं पत्र काढलं, उलगडलं आणि मला दाखवलं. घड्यांवर ते फाटत आलं होतं.

"ये आपका साइन है?"

"हो. जी."

"फिर?"

मी म्हटलं, चूक माझी होती, माल उत्तम आहे, आम्हाला हाच हवा आहे. ते म्हणाले, "बोलने से क्या होता है? कागज में फेल है तो फेल है।" आणि कुदळ पुन्हा उचलली.

हर्कमाया माझ्या कानाशी म्हणाल्या, "बूढ़ा फौज में था। कागज को सलाम करता है, बीवी को नहीं। कागज में फेल किया, तो कागज में पास करो।"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जगात माझ्यासारखं आणखी एक माणूस होतं.

पण लिहायला बसण्याआधी मी म्हटलं, मला आधी वेलची वाळवायची भट्टी दाखवा. घराखाली दगडी भिंतींची खोलगट जागा. त्यावर बांबूची ताटी. खाली लाकडं धुमसतात, वर वेलची पसरतात, आणि घरातलं कोणीतरी पाळीपाळीने बसून ती हलवत राहतं. हंगाम नव्हता, भट्टी थंड होती. तरी दगडांना तो वास होता. मी भिंतीला नाक लावून उभी राहिले. एवढा वेळ मी आयुष्यात कुठल्याच नमुन्याचा वास घेतला नव्हता.

तिथेच, भट्टीच्या कठड्यावर कागद ठेवून मी लिहिलं. हिंदीत, हाताने. की ही जात आम्ही तपासली, धुराचा वास हा या मालाचा गुण आहे, पहिलं पत्र परीक्षकाच्या अज्ञानामुळे गेलं होतं, ते रद्द समजावं. 'अज्ञान' शब्दाशी पेन थोडं थांबलं, पण लिहिला. सही केली. शिक्का मारला. शाई जरा जास्त लागली.

जसबहादुरांनी भट्टीपाशी येऊन ते दोनदा वाचलं. 'अज्ञान'पाशी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू तो भाग त्यांना विशेष पटला. मग जुनं पत्र फाडून भट्टीत टाकलं, नवं खिशात ठेवलं, आणि बागेत जाऊन त्याच कुदळीने खड्डे करायला लागले. उपटलेल्यांपैकी ज्या गड्ड्यांची मुळं ओली होती ते आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा लावले. माझी साडी गुडघ्यापर्यंत चिखलात. हर्कमाया हसून हसून दमल्या, "मॅडम, फेल करना आसान है, लगाना मुश्किल!"

आता खेदाची गोष्ट, कारण ती गाळली तर फॉर्म अर्धवट राहील. अगदी वरची रांग मी पोचण्याच्या आठवडाभर आधीच निघाली होती. ती मुळं वाळून गेली होती. हर्कमायांच्या सासूबाईंनी स्वतःच्या हाताने पहिल्यांदा लावलेली तीच रांग. हर्कमाया एकदाच म्हणाल्या, "सासूमाँ का था।" मी त्या रांगेत नंतर काय लागलं ते कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

नाशिकला परतल्यावर मी तक्ता बदलला. मसाला वेलचीसाठी वेगळा केला, धुराचा वास गुणांच्या रकान्यात नेला आणि खाली दोन सह्यांची जागा केली. एक माझी, एक हौसाबाईंची. दिलीपशेठ म्हणाले, "त्यांना सही येते का?" हौसाबाई आठवडाभर डब्याच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी बसून सही शिकल्या. 'हौसा' एवढंच लिहायच्या, पण 'ह' असा काढायच्या की कढईत उलथणं फिरतंय. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत त्यांच्या सहीशिवाय एक गोणी आत आली नाही. आणि हर्कमायांचा माल दर वर्षी आला, पहिली काही वर्षं थोडा, मग भरपूर. आता कारखाना दिलीपशेठची मुलगी बघते, तरी एक छोटी पिशवी माझ्या घरच्या पत्त्यावर वेगळी येते.

या वर्षी पिशवीसोबत हर्कमायांच्या सुनेने फोनवर फोटो पाठवला. मी दिलेला तो कागद जसबहादुरांनी चौकटीत घालून भट्टीच्या वर टांगला होता, ते आता नाहीत, पण चौकट तिथेच आहे. इतक्या वर्षांच्या धुराने काच आणि कागद दोन्ही काळे. एक अक्षर दिसत नाही. फक्त शिक्क्याच्या जागी गोल डाग, कारण शाई जास्त लागली होती. खाली सुनेने लिहिलं होतं: सासूबाई म्हणतात, नवीन कागद पाठवा, पाहुण्यांना दाखवता येत नाही.

मी सुंदर कागद आणला, मजकूर लिहिला आणि रिक्षा करून सायखेड्याला गेले. नियम म्हणजे नियम, दोन सह्या. हौसाबाई अंगणात बसल्या होत्या. डोळ्यांनी कमी दिसतं आता. नातसून म्हणाली, "आजे, तुझी मॅडम आली."

"लेबल लावायला आल्या का?" हौसाबाई म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. कागद त्यांच्या मांडीवर ठेवला, बोटांत पेन दिलं आणि कुठे सही करायची तिथे त्यांचं बोट टेकवलं.

त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "आन् माल कुठाय?"

"अहो, माल नेहमीचाच आहे. हर्कमायांचा."

"असंल. पर वास घेतल्याबिगर मी सही नाय करत. तुमीच शिकवलं ना मॅडम, आधी तपासणी, मंग सही?"

मी तसं शिकवलं नव्हतं. मी उलटंच करून बसले होते आणि शिकवलं होतं त्यांनी. पण वाद घातला नाही. पर्समधून या वर्षीची पिशवी काढली, ती माझ्याजवळ होतीच. एक वेलची फोडून त्यांच्या तळहातावर ठेवली. हौसाबाईंनी मूठ मिटली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. अंगणातली कोंबडी येऊन गेली, नातसून चहा ठेवून गेली, तरी मूठ नाकापाशीच.

मग हात पुढे केला.

"आणा पेन. चालंल."